झाकण उघडण्याआधी

१२ जानेवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार आणि ठकूला लांबूनच एक टपली. इकडे मी ठीक आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकी ठीक. भाऊजींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, औषध अर्धवट सोडू नका, बाटलीचा तळ दिसेपर्यंत घ्या. त्यांची सवय मला माहीत आहे.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून फुगून बसली असशील. फोनच करणार होते, पण तू फोन हातात घेतलास की पहिला स्पीकर लावतेस. मग मी बोलते एकीशी आणि हुंकार येतात तिघांचे. त्यात ठकू असणार आणि विषय तिचाच, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

तू लिहितेस, ठकूचा विजेचा कोर्स संपला, पोरगी घरात नुसती लोळतेय, तुझ्या शेडमध्ये तिला कुठेतरी चिकटव. पुढे असंही लिहितेस की आता सगळ्या गाड्या बॅटरीवर जाणार, यातच पुढचं भविष्य आहे. हे वाक्य भाऊजींचं असणार, तुझं नाही.

ताई, ते भविष्य रोज आमच्या फाटकात ट्रकमधून उतरतं. कुणाची गाडी खांबावर आदळलेली, कुणाची पाण्यात बुडालेली, बरीचशी नुसती वयाने संपलेली. एकेक बॅटरी गादीएवढी आणि क्रेनशिवाय हलत नाही इतकी जड. आम्ही ती उघडतो. आतल्या डब्यांपैकी ज्यांच्यात अजून धुगधुगी आहे ते दिव्यांसाठी, पंपांसाठी पुढे जातात. मेलेले दळायला जातात आणि त्यातून धातू निघतो. ऐकायला छान वाटतं आणि ते खोटंही नाही. माझ्या खोलीचा रस्त्याकडचा पडदा पूर्वी धुतला की आठवड्यात काळा व्हायचा, आता महिनाभर टिकतो. गाड्यांचा धूर गेला, लोकांचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण धूर गेला म्हणजे मागे काही उरतच नाही असं थोडंच आहे? जे उरतं ते आमच्याकडे येतं.

आणि आता नव्या प्रकारच्या येतायत, त्यांच्यात महागाचा धातूच नाही, लोखंडाचं काहीतरी आहे. टिकाऊ आहेत, सहसा पेटतही नाहीत, गाडीवाला खूश. पण उघडून हाताला काही लागत नाही, म्हणून कुणी उघडायलाच मागत नाही. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली त्यांचा ढीग पडलाय, तो आता भिंतीच्या वर डोकावतो. शेजारचा वखारवाला रोज येऊन विचारतो की हे कधी हलणार, आमचा मिस्त्री रोज सांगतो की पुढच्या आठवड्यात. दोघांनाही माहीत आहे की हलणार नाही. तरी विचारणं आणि सांगणं चालू आहे, कारण त्या निमित्ताने चहा होतो.

तर ठकूचं म्हणशील तर आत्ता नको. खोली माझी एवढीशी, खाट एकच. शेडमधले बूट पुरुषांच्या मापाचे, तिचे पाय तुझ्यासारखे, इवलेसे. शिवाय येण्याजाण्याचा रस्ता खराब आहे. आणि इथे दिवसभर उभं राहायचं असतं, तुझी लेक पाच मिनिटं भांडी घासायला उभी राहत नाही असं तूच मागे लिहिलं होतंस.

तू म्हणतेस, तुझ्या हाताखाली तयार होईल. माझ्या हाताखाली काय तयार व्हायचं, सांग ना. तू शेजारणींना सांगतेस की माझी बहीण बॅटऱ्या दुरुस्त करते. मी काहीही दुरुस्त करत नाही. बॅटरी टेबलावर आली की झाकणाचा एक कोपरा सैल करतात, मी वाकून वास घेते. आत कुठे गळती असेल तर गोडसर वास येतो, नखं रंगवायच्या बाटलीतून येतो ना, साधारण तसा. मी मान हलवली की झाकण उघडायचं. मी हात वर केला की बॅटरी तशीच उचलून बाहेर उघड्यावर नेऊन ठेवायची, तिथे पेटली तरी कुणाला लागत नाही. भिंतीवर वास ओळखायचं मीटर आहे. पण ते रंगाच्या डब्याला, हात पुसायच्या औषधाला, कुणी अत्तर लावून आलं तर त्यालाही ओरडतं. कटकट नको म्हणून मिस्त्रीने त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी लावून टाकलीय. सगळे म्हणतात, मावशी असताना मीटर कशाला. शेडमध्ये मला सगळेच मावशी म्हणतात, माझ्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा.

मागच्या आठवड्यात शेडमध्ये थोडा धूर झाला होता. जाड्याला दवाखान्यात ठेवलंय. जाड्या म्हणजे झाकण उघडणारा, पूर्वी जाड होता, आता नावच तेवढं जाड राहिलंय. मला काही झालेलं नाही, काळजी करू नकोस.

बाकी काही विशेष नाही. चहाची पूड बदलली, तिला चवच नाही.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. पत्र कसलं, चांगली उलटतपासणी आहे. बूट, खाट, रस्ता, एकेक कारण घेऊन तू त्याच्या चिंध्या केल्यास. बूट इथून पाठवशील, खाटेऐवजी सतरंजी पाठवशील, आणि रस्ता काय, सगळीकडे सारखाच. शेवटी लिहिलंस की एकटं राहून राहून मला माणूस नकोसं झालंय, सख्ख्या बहिणीची पोरसुद्धा. ते वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि कामाला गेले. दिवसभर तेच डोक्यात होतं.

ताई, मला माणूस नकोसं झालेलं नाही. खोलीत मी भिंतीशी बोलते इतकं मला माणूस हवं आहे. ठकू आली असती तर मला किती बरं वाटलं असतं, हे तुला काय सांगू. ती लहान असताना माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपायची, माझा हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा तरी मी हलायचे नाही. तू त्यावरून मला हसायचीस.

तरी नको म्हणते. का ते नीट लिहायला हवं, पण माझं मेलं घोडं तिथेच अडतं. आधी जाड्याचं लिहिते.

जाड्या अजून दवाखान्यात आहे. हाताची भाजलेली कातडी भरून येतेय, पण घसा गेलाय. बोलतो ते पत्र्यावर खडे ओढल्यासारखं ऐकू येतं. त्याची बायको रोज डबा घेऊन येते आणि माझ्याशी फार चांगलं वागते. मावशी, तुम्ही कशाला दगदग करता, असं म्हणते. मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

झालं असं की त्या दिवशी सकाळपासून शेडच्या खांबांना रंग चालू होता. मीटरचा भोंगा बंद असला तरी त्याचा लाल दिवा लागतो, तो सकाळपासून लागत-विझत होता. दुपारी एक बॅटरी टेबलावर आली. जाड्याने कोपरा सैल केला. मी वाकले आणि मान हलवली. त्याने झाकण उचललं आणि आतून पांढरा धूर असा उसळला की मला समोरचा खांब दिसेना. जाड्या झाकण टाकून पळाला नाही. माझ्या अंगावर येऊ नये म्हणून ते धरून ठेवलं त्याने. म्हणून त्याचे हात भाजले.

चौकशी झाली. आमची इंजिनीअर बाई, तरुण आहे, चांगली आहे, तिने सगळ्यांना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, की मावशीलासुद्धा वास आला नाही म्हणजे तो नव्हताच. हल्लीच्या काही बॅटऱ्या गळल्या तरी वास येत नाही. मीटर काय, ते रंगाला ओरडत होतं. बाईने मला विचारलं, तुम्हाला काहीच आलं नाही? मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. मीटर काढून तपासायला पाठवलंय. आता भिंतीवर नुसता खिळा आहे.

ताई, मला गोड वास आला नाही, कारण मला कुठलाच वास येत नाही.

लिहिलं एकदाचं. मागे तापाने पडले होते ना, त्यानंतर कधीतरी गेला. कधी ते सांगता येत नाही. डोळा गेला तर अंधार होतो, कान गेला तर शांत होतं. वास गेला तर काही होत नाही गं, माणसाला कळतसुद्धा नाही. एकदा खोलीत दूध जळून भांडं काळं पडलं, शेजारीण दार बडवत आली, आणि मी तिथेच बसून भाजी निवडत होते. तेव्हा कळलं. मग साबण हुंगला, कांदा फोडून हुंगला, संडास धुवायची बाटली उघडून हुंगली. डोळ्याला पाणी आलं तेवढंच. डॉक्टर म्हणाला, तापाने गेला असेल, नाहीतर इतकी वर्षं ते नको ते हुंगून, नाहीतर वयाने. येईल कदाचित, नाहीही येणार. त्याला सगळंच शक्य वाटत होतं.

मी कामावर सांगितलं नाही. काय सांगू? आता मी काही कामाची राहिले नाही, असं सांगू? मला ना शिक्षण, ना हातात कसब. एक नाक होतं, त्यावर सगळी शेड मला मान द्यायची. तर मी काय केलं, मीटरच्या लाल दिव्याकडे चोरून बघायला लागले. वाकायचं, दिवा बघायचा, दिवा लागला तर हात वर, नाही तर मान. आवाज त्यांनी बंद केला होता, पण दिवा कुणी झाकला नव्हता. कुणाला पत्ता लागला नाही. त्या दिवशी दिवा सकाळपासून लागत होता. मी मनाशी म्हटलं, रंगाचा असेल. आता रोज म्हणते, तेव्हा हात वर केला असता तर काय बिघडलं असतं? एक बॅटरी बाहेर पडून राहिली असती, बस.

आता मीटरही नाही, म्हणून मी येईल त्या बॅटरीला हात वर करते. बाहेरचं अंगण भरत आलंय. मिस्त्री चिडचिड करतो. म्हणतो, मावशीच्या नाकाला भीती बसली. मी हो म्हणते.

कळलं का, ठकू का नको? ती माझ्याकडून शिकायला येणार, माझ्या मानेकडे बघून हात घालणार. जाड्याच्या जागी ती उभी असेल. तुझ्या पोरीला मी माझ्या भरवशावर कशी उभी करू?

जाड्या घरी आला की मी सगळ्यांना सांगणार आहे. तोपर्यंत हे तुझ्याजवळ ठेव. आता मला सुनाव हवं तेवढं, सुनावण्यासारखंच आहे. पण तिला पाठवू नकोस.

तुझी,
धाकटी


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

माझं मागचं पत्र मी पेटीत टाकून परत आले, तर ठकू खोलीच्या पायरीवर बॅगेवर बसलेली. हातात बुटांचा डबा. म्हणाली, आईने सांगितलंय की मावशी नाही म्हणेल, तू ऐकू नकोस. तुझी कमाल आहे. पत्र तुला मिळालं तेव्हा ती इथे माझ्या ताटात जेवत होती. त्यानंतर तुझा एकही शब्द नाही. फोन येतो तो ठकूला, मला नाही. रागावली आहेस हे मी समजू शकते. कशावरून रागावली आहेस एवढं मात्र समजत नाही, मी केलं त्यावरून, की तिला ठेवून घेतलं त्यावरून.

मी तिला परत पाठवणारच होते. दोन दिवस राहू दे, पाय दाबून घेऊ, मग बसमध्ये बसवू, असं ठरवलं होतं. पण ती दुसऱ्याच दिवशी माझा डबा विसरला म्हणून घेऊन आली आणि मिस्त्रीने तिला शेडमध्ये बोलावलं. मावशीची भाची म्हणजे आपलीच, म्हणाला. कोर्स झालाय कळल्यावर तर तो हरखलाच. जाड्याच्या जागी माणूस हवाच होता. मी काही बोलायच्या आत तिच्या हातात मोजे होते. मी नंतर मिस्त्रीला म्हटलं, नको, पोर आहे. तो म्हणाला, तुमच्याइतकी राखण करणारं इथे दुसरं कोण आहे? मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले आणि हात वर करत राहिले. सगळ्या बॅटऱ्या बाहेर, एकही उघडायची नाही, म्हणजे ठकूला काही होणार नाही. माझा आपला हिशोब.

मग मालक आला. बरोबर दोन पाहुणे, त्यांना आमचं काम बघायचं होतं, पुढे बॅटऱ्या कशा बनवायच्या म्हणजे सहज उघडतील यावर ते काही करतायत. इंजिनीअर बाई त्यांना समजावत होती की हल्ली सगळं गोंदाने चिकटवतात, स्क्रू ठेवतच नाहीत, मग आम्ही फोडणार कसं. त्यांनी विचारलं, एक उघडून दाखवता का? मालकाने माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, मावशी, आज एक तरी पास करा, पाया पडतो.

बॅटरी टेबलावर होती. एक कोपरा सैल केलेला. मी वाकले. मला लोखंडाचा गार स्पर्श गालाला कळला, बाकी काही नाही.

मी मान हलवली, ताई.

का हलवली ते मला विचारू नकोस. मी स्वतःला विचारून थकले. मालकाची भीती म्हणावी तर तेवढी नव्हती. दमले होते, एवढंच मला आठवतं. रोज उठून खोटा हात वर करायचा, रोज मिस्त्रीची बोलणी खायची, रोज दवाखान्यात जाऊन जाड्याच्या बायकोचं गोड बोलणं ऐकायचं. मनात आलं, शंभरातल्या बहुतेक चांगल्याच निघतात, ही पण निघेल, सुटू एकदाचे.

आणि मान वर केली तर समोर ठकू. झाकणाला हात घालून.

ती म्हणाली, ‘‘मावशी, गोड वास येतोय की.’’

मिस्त्री हसला. बाकीचेही हसले. मिस्त्री म्हणाला, ‘‘पोरी, ते मावशीचं नाक आहे. तू जन्मायच्या आधीपासून हुंगतंय ते.’’ ठकू ओशाळली. माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्याने नुसती खूण केली असती तर तिने झाकण उचललं असतं. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

मी म्हटलं, ‘‘तिला येतोय तो खरा आहे. मला वास येत नाही. मला वर्ष होत आलं, कशाचाच वास येत नाही.’’

पाहुण्यांपैकी एकाने वही मिटली. मालक म्हणाला, म्हणजे काय? मी परत सांगितलं. लाल दिव्याचं सांगितलं, रंगाच्या दिवशीचं सांगितलं, जाड्याचं सांगितलं. आवाज चढवून नाही, जसं तुला लिहिलं तसंच. इंजिनीअर बाईने मात्र एक काम केलं, ठकूचा हात झाकणावरून काढला आणि क्रेनवाल्याला खूण केली. बॅटरी बाहेर गेली. संध्याकाळ व्हायच्या आत तिने अंगणात पेट घेतला. जवळ कुणी नव्हतं. जळून गेली आणि तिथली माती काळी झाली, तेवढंच.

मी त्याच दिवशी जाड्याकडे गेले. तो त्याच सकाळी घरी आला होता. त्याची बायको चहा ठेवायला आत गेली, म्हटलं तेवढ्यात सांगून टाकावं, पण मग तिलाही बोलावून दोघांसमोर सांगितलं. जाड्या छताकडे बघत ऐकत होता. माझं झाल्यावर त्या खरखरत्या आवाजात एवढंच म्हणाला, ‘‘म्हणजे मीटर खरं सांगत होतं.’’ मी हो म्हटलं. त्याने कूस बदलली. बायको परत आत गेली, चहा आला नाही. आता ती रस्त्यात दिसली तर पदर सारखा करून दुसरीकडे बघते. ते मला पूर्वीच्या चांगल्या वागण्यापेक्षा बरं सोसतं.

मला कामावरून काढलं नाही, मागे तारा निवडायला बसवलंय. काम बसून आहे, गुडघ्यांना आराम आहे. कुणी मावशी म्हणत नाही, अहो म्हणतात. ते माझं मी बघेन.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. नीट वाच, आणि वाचताना स्पीकरवर लावल्यासारखं मोठ्याने वाचू नकोस.

इंजिनीअर बाईने लेखी दिलं की यापुढे कुणीही वाकून वास घ्यायचा नाही, मीटरवरच काम करायचं. मालकाने मान्य केलं. नवीन मीटर मागवलंय, चांगल्यातलं, यायला वेळ लागेल. तोवर काय? तोवर ठकू आहे ना. मालक असं म्हणाला नाही, कुणीच तसं म्हणालं नाही. नुसतं व्हायला लागलं. बॅटरी टेबलावर येते, कोपरा सैल होतो, आणि सगळे ठकूकडे बघतात. ती वाकते. पोरीने त्या दिवशी पाहुण्यांसमोर मावशीला खोटं पाडलं, हे आता शेडभर सांगतात. तिला बसायला खुर्ची आणलीय. मिस्त्री तिला छोट्या मावशी म्हणतो. जुनं मीटर तपासून परत आलंय, त्यात काही बिघाड नव्हता. ते खोक्यातच आहे. मी दोनदा म्हटलं की भिंतीवर लावा, तर म्हणाले, आता कशाला, नवीन येतंय.

ताई, ती घरी येते तेव्हा तिचा चेहरा बघायला हवास तू. तुझ्या घरात लोळणारी पोरगी नाही ही. पाय धुते, खाटेवर मांडी घालून बसते आणि आज किती उघडल्या, किती बाहेर काढल्या, कुणी काय म्हटलं ते सांगते. तिला मान मिळतोय. पहिल्यांदा मिळतोय. तो कसा लागतो ते मला माहीत आहे, म्हणून मी तिच्याकडे फार वेळ बघत नाही. रात्री ती कपडे दोरीवर टाकते, त्यांना तो गोड वास येत असणार. मला कळत नाही. मी शेजारणीला बोलावून हुंगायला लावलं, ती म्हणाली, हो, येतो.

मी ठकूला सांगितलं, वाकू नकोस. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, थोडे दिवस तर आहे. मी म्हटलं, मलाही थोडे दिवसच सांगितलं होतं. परवा जरा जास्तच बोलले असेन, तर तिने फणा काढला. म्हणाली, ‘‘मावशी, तुझी जागा गेली म्हणून तुला बोचतंय. मला येतं ते तुला येत नाही, म्हणून.’’ मग रडली, माझ्या गळ्यात पडली, सॉरी म्हणाली, आणि सकाळी कामाला गेली.

माझं ती ऐकणार नाही. जिने मान हलवून एकाचे हात भाजले, तिचं कोण का ऐकेल? तुझं ऐकेल. तू तिला परत बोलाव. भाऊजी आजारी आहेत म्हण, घर गळतंय म्हण. नाहीतर सरळ सांग की मावशी तुझ्यावर जळते, तिला तुझं बरं झालेलं बघवत नाही, अशा बाईजवळ राहू नकोस. तिच्या मनात ते आधीच आहे, तू फक्त हो म्हण. वाटलं तर पुन्हा माझं नाव काढू नकोस घरात. मला चालेल.

फक्त लवकर बोलाव. तिला अजून सगळे वास येतायत.

तुझीच,
धाकटी